मागचा डावा टायर आतूनच का झिजत होता?

गाडी घेताना मी टायर बघितले नाहीत असं कुणी म्हणू नये. बघितले होते. चारही चाकांपाशी वाकले, खाचांत नख घालून पाहिलं, "अजून वर्षभर जातील ना?" असं विकणाऱ्याला विचारलंही. फक्त बघितलं ते बाहेरच्या बाजूने, उभ्याने दिसतं तेवढंच. आतली कड बघायची तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, हे मला चार महिन्यांनी आणि जवळजवळ वीस हजार रुपयांनी कळलं.

गाडी 2011 ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कशाचा होता ते पुढे येईलच. 14 जून 2025 ला, शनिवारी, म्हापशाच्या बाजूच्या एका गृहस्थांकडून 1,85,000 रुपयांना घेतली. मीटरवर 78,400 किलोमीटर. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या, विमा आणि पीयूसी जोडून अर्ज दिला आणि 19 दिवसांनी आरसी माझ्या नावावर झाली. विमाही लगेच नावावर करून घ्या. त्याला चौदा दिवसांची मुदत असते आणि आरसीच्या नादात ते राहून जातं. माझं राहणारच होतं. आरसीवर मुदत होती 16 फेब्रुवारी 2026 पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं पुरी होत होती. तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नाही.

मी फोंड्यात राहते आणि नोकरीला पणजीला जाते. फर्मागुडी, बाणस्तारीचा पूल, खोर्ली, जुने गोवे, रोजचे जाऊन-येऊन साठ किलोमीटर. पावसात काचा बंद, पंखा चालू, वायपरची खरखर, त्यामुळे जुलैभर काही ऐकू आलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं, काच खाली केली आणि मागून "घूं घूं घूं" ऐकू आलं. चाळीसच्या पुढे सुरू, साठला सर्वांत मोठं, गाडी हळू केली की आवाजही जड होत विरून जायचा. शिवाय सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं धरावं लागत होतं. एवढंसंच, घड्याळातले बाराला पाच कमी. जुनी गाडी म्हटलं की असं असायचंच, अशी मी माझी समजूत घातली होती.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 27 ऑगस्टला होती. त्याआधी गाडी नीट करून घ्यावी म्हणून 20 तारखेला टायरच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने गाडी न उचलताच निदान सांगितलं, "मॅडम, अलाइनमेंट गेलीय." अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, 350, चार चाकांच्या बॅलन्सिंगचे 400. वर त्याने "रोटेशन फुकट करून देतो" म्हणून मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे टाकले. मीही खूश. आज मला तो प्रसंग आठवला की वाटतं, टायर काढले होते, समोर जमिनीवर पडले होते, चारही टायरांच्या आतल्या कडा माझ्याकडे बघत होत्या आणि मी काउंटरवर गूगल पे करत होते.

घरी येताना आवाज मागून येत नव्हता. आता तो पुढून येत होता.

कळत असतं तर इथेच उलगडा झाला असता. टायर जागा बदलतात आणि आवाजही त्यांच्याबरोबर जागा बदलतो, तर आवाज टायरचाच. पण मला वाटलं, मागचं बरं झालं आणि आता पुढचं काहीतरी बिघडलं. चवथीचे पाच दिवस माटोळी, घुमट आणि पाहुणे यांत गेले. 8 सप्टेंबरला एका गॅरेजात गाडी नेली. मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, एक फेरी मारली, म्हणाला, पुढचं डावं बेअरिंग. 1,350 चं बेअरिंग, 800 मजुरी. संध्याकाळी गाडी हातात आली आणि फर्मागुडीच्या चढावर पुन्हा घूं घूं. जुनं बेअरिंग मी मागून घेतलं होतं, ते अजून आहे. बोटाने फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं. ते 2,150 रुपये माझ्या अज्ञानाचे, मेस्ताला मी दोष देत नाही. मी त्याला सांगितलंच नव्हतं की तीन आठवड्यांपूर्वी हा आवाज मागे होता. गाडी दाखवायला नेताना काय झालं ते तारखेवार सांगा. माझ्या त्या अर्ध्या वाक्याची किंमत बेअरिंगएवढी होती.

आमच्या शेजारी एक काका राहतात. खाणी चालू होत्या तेव्हा एका खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ट्रकांचे फिटर होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हापासून घरीच, पण हात अजून थांबलेले नाहीत. 14 सप्टेंबरला, रविवारी सकाळी, मी अंगणात गाडी धूत होते आणि तोंडाने बडबडत होते. ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. पहिला प्रश्न, "हवा किती?" मी म्हटलं, पंपावर बघते. "पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो. थंड टायरची किती?" मग दाराच्या चौकटीवरचा स्टिकर त्यांनी मला वाचायला लावला. दुसरा प्रश्न, "आवाज नव्या डांबरावर आणि जुन्या खरबरीत रस्त्यावर सारखाच असतो?" नव्हता. नव्या डांबरावर निम्मा व्हायचा. "मग बेअरिंग कशाला बदललंस? बेअरिंगला काय कळतं खाली डांबर कुठलं ते."

मग त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगितलं, म्हणजे पुढचं चाक तिरकं होऊन टायरची आतली बाजू उघडी पडते. "हात फिरव." मी बोट फिरवलं. "बोट नव्हे गे, तळवा." काका कोकणीत बोलतात, मी इथे मराठीत लिहितेय, पण पुढचं वाक्य त्यांचंच ठेवते: "टायर उलयता बाय, आमी आयकनात." टायर बोलतो, आपण ऐकत नाही.

तळव्याला दोन गोष्टी लागल्या. चाकाच्या गोलाईच्या दिशेने हात फिरवला तर उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा, घाटातल्या खराब रस्त्यासारखं. आणि आडवा, म्हणजे आतून बाहेर नि बाहेरून आत फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने किसणीसारखं टोचरं. काकांनी दोन्हींचे अर्थ वेगवेगळे सांगितले. खळगे पडतात ते चाक रस्त्यावर उड्या मारत चालतं म्हणून. शॉकॲब्सॉर्बर मेले असतील, नाहीतर बॅलन्सिंग बिघडलेलं असेल. किसणी होते ती चाक सरळ न चालता थोडं तिरकं घासत जातं म्हणून. हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. इथे बाहेरच्या कडेला पाच मिलिमीटर खाच शिल्लक होती आणि आतल्या कडेला सव्वा. टायरच्या खाचेत लहान उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलं की खाच 1.6 मिलिमीटर उरली असं समजायचं. कारसाठी कायद्याने तेवढी तरी हवी. आतल्या कडेला ते उंचवटे आणि रबर केव्हाच एका पातळीला आले होते. एवढं डाव्या टायरचं. उजव्यालाही आतून तीच खोड होती, पण निम्म्याने कमी. दोन्ही टायरांवर लंबगोलातले शेवटचे चार आकडे 1619, म्हणजे 2019 सालच्या सोळाव्या आठवड्यातले. जे आता मागे गेले होते ते दोन 2022 चे. म्हणजे आधीच्या मालकाने पुढचे दोनच बदलले होते.

मी लगेच नवे टायर घ्यायला निघाले. काकांनी अडवलं. "आता मागे कुठले आहेत? त्यांच्यावर हात फिरव." गाडीखाली आडवी झाले आणि हात आत घातला. मागचा डावा, 2022 चा, जो 20 ऑगस्टपर्यंत पुढे सुखाने चालत होता, तोही आतून टोचायला लागला होता. चार आठवडे, फार तर तेराशे किलोमीटर. उजव्याला जवळपास काही नव्हतं. म्हणजे खोड टायरमध्ये नव्हती, त्या कोपऱ्यात होती. तिथे नवा टायर घातला असता तर त्याचंही हेच झालं असतं. शिवाय 22 सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर येणार हे जाहीर झालेलंच होतं, त्यामुळे थांबायला मला एक कोकणी माणसाला शोभेल असं कारणही मिळालं.

त्याच दिवशी एक गंमत केली. रात्रीच्या पावसाने अंगणातली तांबडी माती ओली होती. काकांनी मला गाडी सरळ दहा मीटर नेऊन थांबवायला सांगितलं आणि मागे राहिलेले चाकांचे ठसे दाखवले. डाव्या बाजूला मागच्या चाकाचा ठसा पुढच्या ठशाच्या बाहेर सरकलेला, उजव्या बाजूला आत. दोनेक सेंटिमीटरच, पण दिसत होतं. गाडी रस्त्याने सरळ जाते खरी, पण अंग तिरकं करून, भटक्या कुत्र्यासारखी. म्हणूनच माझं स्टिअरिंग डावीकडे वळलेलं असायचं, आणि पुढच्या चाकांची अलाइनमेंट करूनही ते तसंच राहिलं, कारण गाडीला वाकडं ढकलत होतं ते मागचं चाक.

पुढच्या रविवारी, 21 ला, काका ओळंबा घेऊन आले. होय, गवंडी भिंत सरळ आहे का बघतात तो. त्यांच्या स्कूटरसाठी केलेली कोब्याची जागा सपाट आहे, पाणी ओतलं तर वाहत नाही. तिथे गाडी उभी केली. मागच्या चाकासमोर दोरा सोडला आणि रिमची वरची कड दोऱ्यापासून किती आत आणि खालची किती, हे पट्टीने मोजलं. उजवीकडे वरची कड खालच्यापेक्षा सात मिलिमीटर आत, डावीकडे चौदा. चौदा इंची रिमच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत साधारण एकोणचाळीस सेंटिमीटर भरतात, त्या हिशोबाने सात मिलिमीटर म्हणजे एक अंश. अशा गाड्यांची मागची चाकं वरून एखादा अंश आत झुकलेली असतातच. डावं दुप्पट झुकलेलं होतं. दीडशे रुपयांचा ओळंबा.

मग जॅक. हे करून बघणार असाल तर एक सांगते. मागचं चाक हाताने फिरवायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिरे लावा आणि नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड नाही, म्हणजे बेअरिंगमध्ये ढिलाई नाही. मग गरकन फिरवलं. रिम वाकडी असती तर चाक फिरताना डुललं असतं. ते डुललं नाही. झुकलेलंच राहिलं, पण एकाच जागी झुकून गोल फिरत राहिलं. काका म्हणाले, रिम नाही. ज्याच्यावर चाक फिरतं ते वाकलंय. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला तर ती तीनदा वर-खाली झाली, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरही गेलेले.

एवढं कळल्यावरही मशीनचा कागद हवाच होता. फोंड्यात विचारलं तिथे पुढच्या दोनच चाकांना सेन्सर लावत होते. फोनवर आधीच विचारा: चारही चाकांना लावता का, आणि प्रिंट देता का? पर्वरीला एक दुकान मिळालं. 27 सप्टेंबर, शनिवार, दीड तास रांग, 900 रुपये. कागदावर मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे वरून आत झुकण्याचा कोन, उणे 2 अंश 10 मिनिटं (साठ मिनिटांचा एक अंश), उजव्याचा उणे 1 अंश 2 मिनिटं; ओळंब्याशी जुळलं तेव्हा मला दुकानातच हसू आलं. टो डावीकडे उणे 42 मिनिटं, म्हणजे चाकाचं तोंड बाहेर, आणि उजवीकडे अधिक 10. थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला जितकं तिरकं ढकलतात तो कोन, 26 मिनिटं. सगळे डावे आकडे लाल.

हे आकडे मला आधी काहीच बोलले नव्हते, म्हणून जे समजलं ते लिहिते. उणे 42 आणि अधिक 10 मिळून उणे 32. गाडी तिरकी होऊन चालते तेव्हा हा फरक दोन्ही चाकांत निम्मा निम्मा वाटला जातो, प्रत्येकी 16 मिनिटं. अंशाचा पाव भाग. ऐकायला काहीच नाही, पण हिशोब केला तर दर किलोमीटरला टायर साडेचार मीटर आडवा फरफटतो. फोंडा-पणजी-फोंडा साठ किलोमीटर, म्हणजे रोज पावणेतीनशे मीटर. म्हणून उजवाही थोडा झिजला होता. आणि डाव्याचा सगळा भार झुकण्यामुळे आतल्या कडेवर, म्हणून त्याची दशा दुप्पट.

मशीनवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, या गाडीत मागचं सेट होत नाही, फिक्स असतं." खरंच आहे. छोट्या गाड्यांत मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच बीम असतो, त्याला पुढच्यासारखे फिरवायचे रॉड नसतात. पण हे वाक्य ऐकून बरेच लोक घरी जातात, आणि मीही गेले असते. जे सेट होत नाही ते आपोआप बिघडतही नाही. तिथला आकडा चुकला तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय, आणि ते शोधायला हवं. त्याने मधे पातळ तिरकी पट्टी घालून आकडा जुळवून द्यायची तयारी दाखवली, दोन हजारांत. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "चौकट वाकली म्हणून दाराला पाचर मारतेस?"

4 ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या शनिवारी, काकांच्या ओळखीच्या मेस्ताकडे गाडी सोडली. ड्रम काढला. बीमच्या टोकाला चार बोल्टांनी बसवलेला लोखंडी दांडा असतो, स्पिंडल, त्याच्यावर चाक फिरतं. बीम वाकला की स्पिंडल, हा इथला खरा प्रश्न. बीम असता तर खर्च तिप्पट. मेस्ताने स्पिंडल सोडवला आणि बीमच्या सपाट तोंडाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला, मग उजव्या बाजूलाही. दोन्ही सारखे. मग स्पिंडल घेऊन आम्ही कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका टर्नरकडे गेलो. त्याने तो लेथवर धरून सावकाश फिरवला आणि टोकाला डायल गेज टेकवला. काटा जवळजवळ तीन मिलिमीटर डुलत होता. डोळ्याला सरळसोट दिसणारा दांडा. टर्नर 200 रुपये घेऊन म्हणाला, प्रेसवर सरळ करून देतो. काका आणि मेस्त दोघेही एकदम "नको" म्हणाले. एकदा वाकलेलं आणि पुन्हा उलटं वाकवलेलं लोखंड आतून चिरलेलं असू शकतं, आणि त्याच्यावर चाक असतं.

सोमवारी, 6 तारखेला, सुट्या भागांच्या काउंटरवर गेले. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, आरसीवरचा चेसिस नंबर द्यावा लागतो, कारण त्याच गाडीत मधेच भाग बदललेले असतात. स्पिंडल 1,900, मधला नट 110 (तो एकदा काढला की नवाच घालतात), पैसे आगाऊ, "चार दिवसांत येईल". नऊ दिवस लागले. तोवर गाडी मेस्ताच्या दारात तीन चाकांवर. मी कदंबच्या बसने पणजीला जात होते, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस खिडकीची जागा मिळाली तेव्हा गाडी कशाला घेतली असं वाटलं. उरलेले दिवस नाही वाटलं.

या मधल्या काळात मी आधीच्या मालकांना फोन केला. भांडायला नव्हे; मला फक्त कळायला हवं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हां हां, दोन वर्षांपूर्वी चवथीच्या बाजारात गर्दीत गाडी कडेला घेताना मागचं चाक गटारात गेलं होतं. चार जणांनी उचलून बाहेर काढली. काही झालं नव्हतं, नुसता कॅप तुटला." त्यांना खरंच वाईट वाटलं. काका म्हणाले, बरोबर आहे: चाक धाडकन खाली पडून काठावर आदळलं की दांडा वर आणि मागे वाकतो. वर वाकला म्हणून चाक आत झुकलं, मागे वाकला म्हणून तोंड बाहेर गेलं. सेकंड हँड गाडी घेताना अपघात झाला होता का, असं आपण विचारतो. गटार कुणाला अपघात वाटत नाही.

18 ऑक्टोबरला, शनिवारी, सगळं एका दिवसात झालं. स्पिंडल बसवला, मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले (प्रत्येकी 1,480; एकच बदलू नका), मेस्ताची मजुरी 1,800. तिथून टायरवाल्याकडे. 165/80 आर 14, दोन टायर 8,300, नव्या जीएसटीने, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगसह. इथे शेवटचा वाद झाला. दुकानदार नवे टायर पुढे घालायला निघाला, "पुढे जास्त काम असतं मॅडम." मी नवे मागे घालायला लावले आणि 2022 चे पुढे आणले. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ते माझ्या हातात राहणार नाही. बाणस्तारीच्या उतरणीवर पावसात मला ते नको होतं. तो "तुमची मर्जी" म्हणाला. मग पर्वरी, पुन्हा तेच मशीन. जुना कागद दाखवल्यावर 500 घेतले. मागचा डावा कॅम्बर उणे 1 अंश 4 मिनिटं, टो अधिक 6. थ्रस्ट अँगल 2 मिनिटं. सगळं हिरवं. पुढची चाकं त्याने त्या हिशोबाने लावून दिली आणि स्टिअरिंग पहिल्यांदाच बारावर आलं. घरी परतताना रस्त्याकडेला पोरं दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती, एका ठिकाणी दहा मिनिटं अडकले. काच खाली होती.

हिशोब विचारतील म्हणून: पहिली अलाइनमेंट-बॅलन्सिंग 750, वाया गेलेलं बेअरिंग 2,150, चार चाकांचं मशीन 900 आणि 500, स्पिंडल-नट-टर्नर 2,210, शॉकॲब्सॉर्बर 2,960, मजुरी 1,800, टायर 8,300. एकूण 19,570. सुरुवातीलाच कुणी टायरवर तळवा फिरवला असता तर 2,900 वाचले असते, आणि दोन महिने.

काकांनी पैसे घेतले नाहीत. दिवाळीचे पोहे खायला या म्हटलं तर आले आणि गाडीखाली डोकावून गेले.

मी 150 रुपयांचा खाच मोजायचा गेज घेतलाय. 10 जानेवारीला, साधारण 3,900 किलोमीटर झाल्यावर, मागच्या डाव्या टायरची आतली कड 7.4, मधला पट्टा 7.3, बाहेरची कड 7.4 भरली. वहीत लिहून ठेवलंय, तारखेसह.

राहिली आरसी. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25, आणि अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आतच करता येतो, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबले. तेव्हा फी होती 5,000. विमा, पीयूसी, मूळ आरसी. विमा संपत आलेला असेल तर आधी तो करा, नाहीतर तपासणीच्या दिवशी परत पाठवतात. तपासणी जानेवारीच्या शेवटी. मी आदल्या संध्याकाळी गाडी धुतली, टायरच्या आतल्या कडाही, आणि दोन्ही अलाइनमेंटचे कागद फाइलमध्ये घातले. इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबर पेन्सिलने घासून कागदावर उतरवून घेतला, दिवे, हॉर्न, वायपर, नंबर प्लेट पाहिली. मग मागे आले. फाइल उघडून कागद काढेपर्यंत त्यांनी टायर बघितलेही होते. उभ्याने, बाहेरच्या बाजूने.